शीर्षकाला एक मार्क

(परळ येथे तरुण लेखक आणि स्वयंसेवकांसाठी झालेल्या एकदिवसीय कार्यशाळेतील भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा: ऑनलाइन लेखनासाठी प्रभावी मथळे कसे लिहावेत. आधीच सांगतो, मी पत्रकार नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसा लोअर परळला एका कंपनीत कोड लिहितो आणि रात्री आपल्या मासिकाची वेबसाइट सांभाळतो. सर्व्हर बंद पडला की मला फोन येतो. पण लेख अपलोड करणारा मीच असल्यामुळे आणि बरेचसे लेखक शीर्षक न देताच लेख पाठवत असल्यामुळे, गेली काही वर्षं मथळे लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. त्यात मी चुका केल्या. एक चूक तर अशी केली की एका माणसाचं डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली. ती शेवटी सांगतो. आधी या सभागृहापासून चालत जाता येईल अशा एका ठिकाणाबद्दल बोलू.

२९ सप्टेंबर २०१७. शुक्रवार, सकाळची वेळ. दुसऱ्या दिवशी दसरा होता. पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजचं प्रभादेवी, आणि मध्य रेल्वेचं परळ या दोन स्टेशनांना जोडणारा अरुंद पूल तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अचानक पाऊस आला, लोक पुलावर आडोशाला थांबले, मागून गाड्यांची गर्दी येतच राहिली. त्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यातून वाचलेल्या एका मुलीने रेल्वेच्या चौकशीत सांगितल्याचं नंतर छापून आलं की एका फुलवाल्याचा भारा पडला, कुणीतरी 'फूल गिर गया' असं ओरडलं आणि पुढच्यांनी ऐकलं 'पूल गिर गया'.

मी तेव्हा त्याच पुलावरून रोज जायचो. त्या दिवशी उशिरा निघालो म्हणून नव्हतो. पण ती गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तीन शब्द. त्यात एका अक्षराचा फरक. मथळा म्हणजे दुसरं काय असतं? गर्दीत मारलेली हाक असते ती. ऐकणाऱ्याला वळून खात्री करायला वेळ नसतो. तो ऐकतो आणि पळतो.

यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. 'फूल' आणि 'पूल' हा यमक इतका सोपा होता की पुढचे काही दिवस तोच मथळा झाला. अफवेने बळी घेतले. आता विचार करा, बळी अफवेने घेतले की अरुंद पुलाने? प्रवासी किती वर्षं तक्रार करत होते. नव्या रुंद पुलाला मंजुरी मिळालेली होती, पण तो कागदावरच होता. दुर्घटनेनंतर लष्कराने फेब्रुवारी २०१८ पर्यंत पूल बांधून दिला, म्हणजे तो बांधता येत होता. 'अफवा' हा शब्द मथळ्यात बसवला की दोष गर्दीवर जातो. 'अरुंद पूल' हा शब्द बसवला की प्रश्न रेल्वेला विचारला जातो. दोन्ही मथळ्यांतली माहिती एकाच घटनेची असते. कारण कोणतं दिसावं ते मात्र मथळा लिहिणारा ठरवतो. एवढी ताकद आपल्या हातात असते.

आता थोडं मागे जाऊ.

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी याच मुंबईत निघालं. बाळशास्त्री जांभेकरांनी ते काढलं आणि ते द्विभाषिक होतं. एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. आपलं मासिक दोन भाषांत निघतं याचं काही जणांना आश्चर्य वाटतं, त्यांना हे सांगत जा.

पण मथळ्याचं सामर्थ्य पाहायचं तर १९०८ साल बघावं लागतं. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर टिळकांनी 'केसरी'त लेख लिहिले. त्यातल्या दोन लेखांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांची शीर्षकं होती 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळकांना अटक झाली, हायकोर्टात खटला चालला आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्यांच्या कामगारांनी सहा दिवस संप केला. शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली. संप करणाऱ्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. लेख कुणीतरी मोठ्याने वाचायचं, बाकीचे ऐकायचे.

'हे उपाय टिकाऊ नाहीत.' चार शब्द. त्यात विधान आहे, बाजू आहे आणि लेखक त्या विधानाची जबाबदारी घेतो आहे. आज एखाद्या पोर्टलवर हाच लेख आला असता तर मथळा कसा झाला असता? 'सरकारच्या उपायांवर टिळकांचं मोठं विधान, म्हणाले…' आणि पुढे तीन टिंबं! मोठं विधान कोणतं ते कळायला क्लिक करा. टिळकांनी टिंबं दिली नाहीत. लेख न वाचणाऱ्यालाही त्यांचं म्हणणं शीर्षकातच कळलं.

१८९७ सालचं 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हे शीर्षक आपण शाळेत पाठ केलंय. त्यात प्रश्नचिन्ह आहे. प्रश्नचिन्ह तर आज टीव्हीच्या पट्टीवरही रोज असतं, मग फरक काय? टिळकांचा प्रश्न सत्ता असलेल्याला होता आणि त्याची किंमत विचारणाऱ्याला मोजावी लागणार होती. आज प्रश्नचिन्ह बहुतेक वेळा पळवाट म्हणून वापरलं जातं. 'अमक्या वस्तीत परदेशी पैसा?' असं लिहिलं की आरोपही होतो आणि पुरावाही द्यावा लागत नाही. इयन बेटरिज नावाच्या ब्रिटिश पत्रकाराने २००९ मध्ये गमतीने एक नियम सांगितला: ज्या मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, त्याचं उत्तर 'नाही' असं देता येतं. उत्तर 'हो' असल्याची खात्री असती तर प्रश्नचिन्ह लागलंच नसतं.

त्या खटल्यातली आणखी एक गोष्ट द्विभाषिक मासिकात काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. ज्यूरीत नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, निर्णय इंग्रजीत. सरकारी भाषांतरात आपल्या शब्दांचे अर्थ बदलले आहेत असं टिळकांनी मांडलं आणि कोर्टाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. म्हणजे शब्द कसा फिरवला यावर माणसाची सहा वर्षं अवलंबून होती. म्हणून आपल्याकडे इंग्रजी मथळा हा मराठी मथळ्याचं भाषांतर नको. दोन्ही वेगळे लिहा आणि दोन्ही मूळ लेखाशी ताडून बघा.

आता परळचीच एक गोष्ट. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं. ते तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते आणि पत्राचं कार्यालयही परळमध्येच होतं. पैसे देऊनसुद्धा 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. म्हणजे ज्या पत्राच्या मथळ्यांचं आत्ता मी कौतुक केलं, त्याच पत्रात दुसऱ्या कुणाला साधी जाहिरात देता आली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. 'मूकनायक' हे नावच मोठा मथळा आहे. कोणासाठी लिहितोय ते एका शब्दात कळतं. ज्यांना कुणी जागा देत नाही, त्यांनी आपली जागा तयार करायची असते. पण ती तयार करताना, आपल्याला ज्यांनी दुखावलं त्यांचीच पद्धत उचलायची नसते. इथे मी कुठे घसरलो ते आता सांगतो.

आधी २०२०.

मी लालबागला वाढलो. आजोबा रत्नागिरीहून आले आणि गिरणीत साचेखात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, त्यात त्यांचीही नोकरी गेली. ते सांगायचे की संपाच्या दिवसांत गल्लीच्या तोंडावर एक फळा असायचा. आमच्या भागात असे फळे अजूनही दिसतात. खडूने चार ओळी लिहायच्या: आज सभा कुठे, कुणाला अटक, रेशनचं काय. आजोबांचं म्हणणं, त्या फळ्यावर खोटं लिहायची कुणाची हिंमत नव्हती, कारण लिहिणारा संध्याकाळी त्याच नाक्यावर चहा प्यायला यायचा. चुकीचं लिहिलं तर लोक तिथेच गाठणार.

एप्रिल २०२० मध्ये आमच्या मजल्यावर मथळा टीव्हीवरून आला. तबलिगी जमातीच्या बातम्या दिवसभर चालू होत्या. शेजारच्या काकू, ज्यांच्या घरी मी लहानपणी जेवलो, अम्मी ईदचा शीरखुर्मा पाठवायची आणि गणपतीत ज्यांच्याकडून मोदक यायचे, त्यांनी दार लावून घेतलं. अम्मीने बाहेर ठेवलेलं भाजीचं ताट दुपारपर्यंत तसंच होतं. काकू वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या. त्यांना कुणी लेख वाचायला दिला नव्हता, फक्त लाल पट्टीवरचे पाच शब्द दिले होते.

२१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं न्यायालयाने त्या निकालात म्हटलं. मी आमच्या इमारतीत सहज विचारलं, हा निकाल कुणाला ठाऊक आहे का? दोघांना ठाऊक होता. एप्रिलचे मथळे मात्र सगळ्यांना पाठ होते. काकूंचं आणि अम्मीचं पुढे बोलणं सुरू झालं, मोदकही आले. पण ते पाच महिने परत आले नाहीत.

२०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास हेच सांगतो. दिशाभूल करणारा मथळा वाचल्यावर खालची बातमी नीट आणि पूर्ण वाचली, तरी मथळ्याने मनावर केलेला परिणाम पूर्ण जात नाही. आणि २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधल्या एका संशोधन संस्थेने ट्विटरवर शेअर झालेल्या लिंक तपासल्या, तेव्हा ५९ टक्के लिंकवर एकदाही क्लिक झालेलं नव्हतं. म्हणजे लोकांनी पुढे पाठवला तो फक्त मथळा.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी पुढची चूक केली.

चिपळूणकडचा एक तरुण परळच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन म्हणून लागला. जवळपास खोली शोधत होता. दादरला पाच दलाल झाले. फोनवर भाडं ठरायचं, नाव सांगितलं की 'अरे, ती जागा आत्ताच गेली'. शेवटी गिरगावातल्या एका निवृत्त शिक्षिकेने तिच्या घरातली खोली त्याला दिली. मुलगा परदेशी, घर रिकामं. सोसायटीत कुरकुर झाली, तेव्हा त्या मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या आणि भाडेकरू आपण निवडला आहे, तक्रार असेल तर आपल्याकडे करा, असं सांगून आल्या. त्या तरुणाने हा सगळा अनुभव लिहून आमच्याकडे पाठवला. लेखाचा एक तृतीयांश भाग दलालांचा होता, दोन तृतीयांश बाईंचा.

मी मथळा दिला: 'मुस्लिम आहेस? मग घर नाही! मुंबईच्या मध्यमवर्गाचा खरा चेहरा'.

फोटो त्यानेच पाठवला होता. बाईंच्या इमारतीचा, फाटकावरच्या नावासकट. लेखातला पहिला फोटो लिंकसोबत आपोआप दिसतो, अशी व्यवस्था मीच वेबसाइटवर करून ठेवली होती. म्हणजे व्हॉट्सअॅपवर जे फिरलं त्यात वर गिरगावातली एक इमारत आणि खाली 'घर नाही!'

आमचे लेख साधारण तीन-चारशे लोक वाचतात. हा संध्याकाळपर्यंत चार हजारांवर गेला. मी खूश. आकड्यांचा स्क्रीनशॉट मित्रांना पाठवला. रात्री अकराला त्या तरुणाचा फोन आला. म्हणाला, "भाई, तो मथळा काढ. बाईंच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आलाय."

घर देणाऱ्या एकमेव बाईंना लोक विचारत होते की तुम्ही घर का नाकारलंत. ठाण्याच्या नातेवाइकांचे फोन आले. आणि सोसायटीतले जे गृहस्थ आधीपासून विरोधात होते, त्यांना तर आयतंच सापडलं. घर दिलंत, बदल्यात काय मिळालं, बदनामी! तातडीची मीटिंग बोलावली गेली. विषय एकच, भाडेकरू.

मी दहा मिनिटांत मथळा बदलला, फोटो बदलला. उपयोग झाला नाही. याचं कारण समजून घ्या, कारण ते तांत्रिक आहे. व्हॉट्सअॅपवर लिंकसोबत जे चित्र आणि मथळा दिसतो, तो पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि निरोपाबरोबर जातो. नंतर आपण वेबसाइटवर काहीही बदललं तरी गेलेल्या निरोपातला मथळा तसाच राहतो. सर्व्हर माझ्या ताब्यात होता, पण लोकांच्या फोनपर्यंत माझा हात पोचत नव्हता.

रविवारी मी त्या तरुणाबरोबर बाईंकडे गेलो. काय बोलायचं ते जिन्यावर पाठ केलं होतं, आत गेल्यावर विसरलो. बाईंनी चहा ठेवला आणि मोबाइलवर तो मथळा उघडून माझ्यापुढे धरला.

"हे तू लिहिलंस?"

"हो बाई."

"मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. दहावीच्या पेपरात उतारा असायचा आणि शेवटी प्रश्न, उताऱ्याला योग्य शीर्षक द्या. एक मार्क. मुलं काय करायची, सांगू? पहिल्या दोन ओळी वाचून शीर्षक ठोकून द्यायची. उतारा झाडाबद्दल सुरू व्हायचा आणि माणसाबद्दल संपायचा, ही शीर्षक देणार 'झाड'. मी शून्य द्यायचे. तुलाही शून्य."

मी म्हटलं, "बाई, त्यात खोटं काहीच नव्हतं. पाच जणांनी त्याला नाकारलंच होतं."

त्या म्हणाल्या, "मग मी कुठे आहे त्यात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. दलालांनी जे केलं ते लिहायलाच हवं होतं, त्यात मी एक शब्दही मागे घेत नाही. पण 'मध्यमवर्गाचा खरा चेहरा' असं म्हणताना मी बाईंचा चेहरा पुसून टाकला होता. एप्रिल २०२० मध्ये आमच्याबद्दल जे झालं, तेच मी त्यांच्याबद्दल केलं. काही जणांचं वागणं अख्ख्या गटाच्या नावावर टाकलं.

बाई त्या मीटिंगला पूर्ण लेख छापून घेऊन गेल्या आणि वाचून दाखवला. तो तरुण आजही तिथेच राहतो. पण ते बाईंमुळे, माझ्यामुळे नाही. नंतरचा मथळा होता 'पाच दलालांनी नाकारलं, गिरगावच्या बाईंनी किल्ली दिली'. तो फार लोकांनी वाचला नाही. हेही सांगतो, कारण चांगला मथळा नेहमी जास्त चालतो असं मी तुम्हाला सांगितलं तर तो खोटा मथळा होईल.

आता कामाच्या गोष्टी. लिहून घ्या.

पहिली. मथळा शेवटी लिहा, पूर्ण लेख वाचून. अमेरिकेतल्या अपवर्दी नावाच्या वेबसाइटवर एका लेखासाठी पंचवीस मथळे लिहायचा दंडक होता. त्यांचे मथळे मला आवडत नाहीत, पण सवय चांगली आहे. पंचवीस नकोत, दहा लिहा. पहिले तीन सगळ्यांना सुचतात तेच असतात.

दुसरी. कर्ता शोधा. मराठीत कर्ता गाळून वाक्य सहज होतं. 'परिसरात तणाव', 'दगडफेक', 'घर नाकारले'. कुणी? 'विशिष्ट समाजाच्या जमावाने' असं वाचलं की आपण चिडतो ना? मग आपणही 'मध्यमवर्ग', 'ते लोक' असं लिहायचं नाही. दलालाने केलं तर 'दलालाने' लिहा. माहीत नसेल तर शोधा, नाहीतर तो दावा मथळ्यात घेऊ नका.

तिसरी, आणि ही खास मराठीची आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' त्याच्याही शेवटी. मोबाइलवर लांब मथळा कापला जातो. समजा तुम्ही लिहिलं, 'पोलिसांच्या तपासणीत मशिदीत शस्त्रे सापडली नाहीत'. पडद्यावर दिसणार 'पोलिसांच्या तपासणीत मशिदीत शस्त्रे सापडली…' आणि अफवा खोडणारा तुमचा लेखच अफवा पसरवणार. म्हणून नकार शेवटी टाकू नका, आणि जमलं तर नकार देऊच नका. जे खरं आहे ते आधी सांगा: 'मशिदीत फक्त चटया आणि ग्रंथ, पोलिसांची तपासणी पूर्ण'. अफवेतला शब्द आपण पुन्हा उच्चारला की तोच लक्षात राहतो.

चौथी. अक्षरं मोजताना फसू नका. 'मुंबई' आपल्याला तीन अक्षरं वाटतात, कॉम्प्युटरसाठी ती पाच चिन्हं आहेत. म आणि त्याचा उकार वेगळा, अनुस्वार वेगळा, मग ब आणि ई. 'क्ष' तीन चिन्हांचा. वेब पत्त्यात मराठी तसंच टाकलं तर एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात, म्हणजे 'मुंबई'ची पंचेचाळीस. म्हणून पत्ता रोमन लिपीत छोटा ठेवा. आणि मथळा किती दिसतो ते आकड्यावर ठरवू नका, सगळ्यात स्वस्त फोनवर उघडून बघा.

पाचवी. नावं. मोहम्मद, मुहम्मद, महंमद. रमजान, रमझान. लोक वेगवेगळं लिहून शोधतात. मथळ्यात एक रूप ठरवा आणि कायम तेच ठेवा, दुसरी रूपं लेखात येऊ द्या. व्यक्तीचं नाव मात्र ती स्वतः जसं लिहिते तसंच.

सहावी. फोटो हा मथळ्याचाच भाग आहे. दोन्ही एकत्र ठेवून वाचा. लेख वाचलेला नसताना हे पाहणाऱ्याला काय वाटेल, ते लेख न वाचलेल्याच माणसाला विचारा. मी आता अम्मीला फोनवर मथळा वाचून दाखवतो आणि विचारतो, यात काय झालं असेल? तिने चुकीचं सांगितलं तर मथळा चुकला.

सातवी. 'धक्कादायक', 'खळबळ', 'जाणून घ्या', 'नेमकं काय घडलं' हे शब्द काढून टाका. माहिती मुद्दाम लपवणारे मथळे फेसबुकनेसुद्धा ऑगस्ट २०१६ मध्ये मागे ढकलायला सुरुवात केली होती. पण त्यांच्यासाठी नको, वाचकासाठी काढा. त्याला वेळ कमी असतो. नुसता मथळा वाचून तो पुढे गेला तरी त्याच्या हातात काहीतरी खरं पडलं पाहिजे.

आठवी. चुकलात तर मथळा गुपचूप बदलू नका. आधी काय होतं, का बदललं, ते लेखाखाली लिहा. आणि ज्या ग्रुपवर तुम्ही स्वतः टाकलं होतं, तिथे स्वतः जाऊन सांगा. आपोआप ते पोचत नाही, हे मी पाहिलंय.

हे आठही नियम लक्षात राहिले नाहीत तर आजोबांचा फळा लक्षात ठेवा. हा मथळा मी माझ्या गल्लीच्या तोंडावर खडूने लिहिला असता का आणि संध्याकाळी त्याच नाक्यावर चहाला गेलो असतो का? उत्तर 'नाही' आलं तर तो वेबसाइटवरही नको.

आता पुढचा अर्धा तास तुमचा. पडद्यावर एक उतारा दाखवतोय. दोनशे शब्द आहेत, विषय दादर स्टेशनच्या बाहेरचा आहे आणि तो जसा सुरू होतो तसा संपत नाही. पूर्ण वाचा, मग योग्य शीर्षक द्या. एक मार्क. कागद बाईंकडेच तपासायला जाणार आहेत, त्यांनी तसं कबूल केलंय.